घोडी ओली होती

अन्याय माझ्या आक्कावर झाला. निजामाचं राज्य जायच्या आधीच्या दुसऱ्या दसऱ्याला, सकाळी, कयाधूच्या पात्रात, सगळ्या गावादेखत झाला. मी तिथं हजर होतो, म्हणून लिहितो. वेठीवर, धान्याच्या लेव्हीवर मी पुष्कळ लिहिलं. चोरून छापलेले कागद सदऱ्याच्या आत घालून गावोगाव वाटले. हे मात्र कुणी छापलं नाही. घोडीच्या पोटाची गोष्ट, ती काय छापायची, असं आमचेच सोबती म्हणाले. म्हणून आता मीच लिहितो.

आक्का माझी थोरली बहीण. नवरा पटकीत गेला आणि सासरच्यांनी तिला गाडीत बसवून आमच्या दारात आणून सोडलं. आई-बाप आमचे आधीच गेलेले. घरात ती आणि मी. माझ्या भाकरीवर जगतेस असं मी तिला कधी म्हणालो नाही, पण तिला ते रोज ऐकू यायचं. तिला एक तरी गोष्ट स्वतःची पाहिजे होती. भावाची नाही, मेलेल्या नवऱ्याची नाही, स्वतःची.

गावच्या मालकाच्या घोड्या तेव्हा घरोघर पोसायला दिलेल्या असत. दाणा-वैरण पोसणाऱ्याने करायची, मालकाने मागितली की घोडी हजर करायची. बदल्यात रिवाज असा, की घोडी मालकाची आणि शिंगरू दावणीचं. ज्याच्या दावणीला ती व्याली, शिंगरू त्याचं. मग मालक का असेना, त्याला त्या पिल्लावर हात ठेवता येत नसे. आक्काने हा रिवाज ऐकला आणि मालकाकडून एक तांबडी घोडी मागून आणली. बाईमाणसाने घोडी पोसायची म्हणून गाव हसलं. हसू दे.

गुढीपाडव्यानंतर नरसीकडच्या एका घोडेवाल्याचा घोडा तिला दाखवला. काही दिवसांनी रिवाजाप्रमाणे पुन्हा दाखवला, तर आमच्या घोडीने कान पाडले, दात काढले आणि अशी लाथ झाडली की घोडेवाला मिशीतल्या मिशीत हसला. "बाई, तुमची घोडी नाराज है. काम हो गया समझो." गाभण घोडी घोड्याला जवळ येऊ देत नाही. आक्का त्या दिवशी घरी येईतो घोडीशी बोलत होती. माझ्याशी नाही.

पण लाथेवर शिंगरू ठरत नाही. पोळा गेला तरी पोट दिसेना. घोडी पहिलटकरीण, अंगाने आटोपशीर. आक्का पहाटे तिला विहिरीचं गार पाणी पाजायची आणि कुशीवर तळहात ठेवून उभी राहायची. गार पाण्याने पोटातलं पिल्लू दचकतं म्हणतात. मी विचारायचो, "काय गं, हललं का?"

"हललं वाटतं. का आतडंच हाय, काय की."

"मग काहून उभी राहतीस रोज?"

"तुह्या सभेला काय होतं रे? तरी जातोसच न्हवं?"

आता आमच्या काकांकडे येतो. बापाचे सख्खे धाकटे भाऊ, आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत. गावात घोडी गाभण आहे की खाली, हे सांगायचा मान त्यांचा. दसऱ्याला सगळ्या घोड्या नदीवर न्यायच्या. तिथं काका चमचाभर पाणी घोडीच्या कानात सोडणार. घोडीने नुसतं डोकं झटकलं तर ती भरलेली. सगळं अंग झाडलं तर खाली. पोटात पिल्लू असलेली घोडी अंग हिसडत नाही, जपते, असं सगळा गाव मानतो. मीही मानत होतो. खाली निघाली ती घोडी मालकाने वाटलं तर दुसऱ्या दावणीला बांधायची, हाही रिवाजच.

दरसाल क्रम ठरलेला. आधी कान, मग आंघोळ, मग कुंकू आणि झेंडूची माळ. त्या दसऱ्याला काका म्हणाले, "सणाचा दिस हाय, आदी न्हाऊ घाला जनावरांला." आणि आमची घोडी धरायला कोण पुढं झालं? त्यांचाच पोरगा, माझा चुलतभाऊ. बाकीच्या घोड्या काठावर उभ्याच होत्या. आमचीच तेवढी छातीभर पाण्यात नेली. मानेपासून शेपटीपर्यंत चोळली, निथळत बाहेर आणली आणि त्याच पावली काकांनी तिच्या कानात पाणी सोडलं.

घोडी काय करेल? ओलं कुत्रं काय करतं? ओली म्हैस काय करते? तिने नाकापासून शेपटीपर्यंत असं अंग झाडलं की मालकाच्या शेरवानीवर शिंतोडे उडाले. लोक हसले. मालक मागं सरकला आणि म्हणाला, "खाली हाय."

"खाली," काका म्हणाले.

मी म्हणालो, "काका, अजून एक डाव बघा की. आत्ताच पाण्यातून..."

"कानानं सांगितलं बाबा, मी न्हाई सांगितलं." आणि मालकाकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बाईच्या हातचं जनावर. कुणाला दोष द्यावा आता?"

मालक म्हणाला, "तुम्हीच बांधा मग. तुमच्या दावणीला तरी फळते का बघू."

इतकंच. सोनं लुटायला माणसं शिवेकडे निघायच्या आत आमची घोडी भिंतीपलीकडे गेली. आक्का घरी पुरणाला बसली होती. बायका त्या तपासणीला येत नसत. मी सांगितलं तेव्हा तिने हात धुतले, रिकाम्या दावणीपाशी गेली आणि तिथलं शेण भरून टाकलं. पुरण करपलं.

यापुढचं मी मत्सरानेच लिहितो आहे. शब्द झाकत नाही. ज्याला झाकायचा त्याने आपल्या आठवणींच्या पुस्तकात झाकावा.

भिंत मातीची. पलीकडे घोडी कडबा चावायची ते आम्हाला ऐकू यायचं. आक्काच्या पायातली जोडवी गेली होती, पण तिची चाल घोडीला माहीत. ही अंगणात आली की ती पलीकडून खिंकाळायची. मग काकू तिच्या तोंडापुढं गूळ धरायच्या आणि खिंकाळणं बंद व्हायचं. त्या गप्प होण्याचा आक्काला जो राग यायचा, तो काकांचाही येत नसे. "मेली, गुळासाठी इमान इकून बसली," म्हणायची. घोडी दिसू नये म्हणून महिनाभर पाण्याला लांबच्या वाटेने गेली. मग दिसावी म्हणून मुद्दाम काकांच्या दारावरून जायला लागली.

संक्रांतीला घोडीचं पोट सुटलं. शिमग्याच्या आधी शिंगरू झालं. तांबडं, कपाळावर पांढरा ठिपका. काकूंनी अख्ख्या आळीला चहा पाजला, आम्हाला सोडून. शिंगराच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात बिबा बांधला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "नजर लय वाईट असती बाई शेजारची."

आक्का अलीकडून म्हणाली, "असंल तर लागू द्या की एकदाची. बिब्यानं न्हाई थांबायची."

मी मालकाकडे गेलो. घोडी अकरा महिने पोट वाहते; घोडा पाडव्यानंतर दाखवला, शिंगरू शिमग्याआधी झालं, म्हणजे दसऱ्याला घोडी भरलेलीच होती. हा हिशेब लेकराला समजतो. मालक पान लावत म्हणाला, "व्याली कुणाच्या दावणीला?"

"काकांच्या. पण ती कानाची परीक्षाच..."

"रिवाज काय हाय?"

रिवाज! मी पन्नास सभांत ओरडलो असेन, की जमीन कसणाऱ्याची. लोक टाळ्या वाजवायचे. त्याच लोकांना मी विचारलं, घोडी पोसली कुणी? तर म्हणाले, ते घरचं भांडण हाय भाऊ, चळवळीत आणू नको.

मग निजामी गेली. गावातून मिरवणूक निघाली. पुढं झेंडा पाहिजे, झेंड्याला घोडी पाहिजे, आणि घोडी कोणाकडे? माझा चुलतभाऊ, ज्याने जन्मात एक पत्रक वाचलं नाही, तो आमच्या तांबडीवर बसून झेंडा घेऊन पुढं. त्या मागं शिंगरू, गळ्यात झेंडूची माळ. त्या मागं धुळीत मी, ज्याच्या सदऱ्यात ते कागद फिरले. लोक त्याचा जयजयकार करून राहिले होते. मला त्या दिवशी स्वातंत्र्याचा आनंद झाला का? झाला. पण आधी मी ते शिंगरू बघितलं.

आमच्या दारावरून मिरवणूक गेली तेव्हा आक्का चौकटीत उभी होती. शिंगरू थांबलं. त्याला ती कोण माहीत असायचं कारण नाही. तिच्या पदराला वास कसला आला कुणास ठाऊक. तिने हात पुढं केला, कुशीवर ठेवला, जसा त्याच्या आईच्या कुशीवर ठेवायची. चुलतभावाने वरून म्हटलं, "आक्का, सोड त्याला. मिरवणूक अडती."

तिने सोडलं. मी मिरवणूक सोडून तिच्यामागं आत गेलो, तर म्हणाली, "हे हलायचं रे तवा. आतडं न्हवतं."

दावणीचा खुंटा आमच्या अंगणात अजून रोवलेला आहे. ती दर सणाला त्याच्याभोवती सारवते.

त्या सकाळी नदीवर निम्मा गाव होता. तुम्ही त्यातले असाल, तर काकांच्या ओट्यावर बसून चहा पिणं बंद करा. चावडीवर चला, मालकासमोर उभे राहा आणि तोंडाने एवढंच बोला, की घोडी ओली होती. मग शिंगराचं दावं सोडा आणि माझ्या आक्काच्या खुंट्याला आणून बांधा. त्यातले नसाल, दुसऱ्या गावचे असाल, तर येत्या दसऱ्याला तुमच्या नदीवर जा आणि कुणी ओल्या घोडीच्या कानाला हात लावला तर त्याचा हात धरा.