दरबाराचा प्रवेश

शाळेत मुलं तिला कुजबुजबाई म्हणायची. आवाज इतका बारीक, की शेवटच्या बाकावरच्यांना श्वास रोखून ऐकावं लागे. त्यामुळे तिचा वर्ग आपोआप शांत असायचा आणि मुख्याध्यापक त्याचं श्रेय तिच्या शिस्तीला द्यायचे. शिस्त कसली, ती मुळातच भित्री. दार आपटलं तरी दचकायची. नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता. तो म्हणायचा, "आमच्या घरात कुकरसुद्धा परवानगी घेऊन शिट्टी देतो."

अकरावीला ती वर्षानुवर्षं एकच नाटक शिकवत आली होती. परक्या देशातलं, चारशे वर्षांपूर्वीचं, आपल्या भाषेत उतरवलेलं. एक सरदार राजाला मारून गादी बळकावतो आणि ते बाहेर फुटू नये म्हणून एकेकाचं तोंड बंद करत सुटतो. ते पुस्तक हातात आलं की बाईंचा आवाज मोकळा व्हायचा. खुन्याचं बोलणं ती इतकं गोड वाचायची की मुलांच्या अंगावर काटा यायचा.

त्या वर्षी मात्र पुस्तक उघडताना तिचेच हात गार पडायला लागले. राज्य नव्या लोकांच्या हाती गेलं होतं, आणि एका सकाळी इतिहासाचे सर शाळेत आलेच नाहीत. दोन माणसं येऊन त्यांना घरून घेऊन गेली, एवढं शिपायानं सांगितलं आणि तोही घाईघाईनं घंटा द्यायला निघून गेला. शिक्षकांच्या खोलीत सरांच्या खुर्चीकडे बघायचं नाही, हे न सांगताच सगळ्यांना कळलं. मधल्या सुट्टीत सगळे उन्हाळ्याबद्दल बोलायचे. सरांचं नाव कोणी काढत नव्हतं.

सरांची मुलगी तिच्याच अकरावीत होती. सगळे तिला चिमणी म्हणत. शेजारची मैत्रीण बाक बदलून मागे गेली, तेव्हापासून चिमणी पहिल्या बाकावर एकटीच बसायची. बाईंना ते रोज दिसत होतं. रोज ती फळ्याकडे वळत होती.

मग एके दिवशी शिक्षण खात्याचा म्हणून एक गृहस्थ वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसला. राखाडी शर्ट, हाताची घडी. "तुमचं चालू द्या," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशीही आला. लिहीत काही नव्हता, नुसता ऐकत होता. बाईंच्या पाचावर धारण बसली.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तिची नणंद भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "वहिनी, उद्या काय शिकवायचंय?"

"दरबाराचा प्रवेश. राजा कसा मेला हे सगळ्यांना माहीत असतं, आणि सगळे खाली मान घालून उभे असतात."

"मग तो गाळ. आजारी पड. काहीही कर."

नवरा म्हणाला, "तुला झेपेल ते कर. पण कर ते मला सांगून कर, म्हणजे शोधायला कुठं जायचं ते तरी कळेल." तो हसवायला बोलला होता. हसलं कोणीच नाही.

दुसऱ्या दिवशी ती जीव मुठीत धरून वर्गात गेली. तो गृहस्थ होताच. "हा प्रवेश तुम्ही घरी वाचा," ती म्हणाली, "परीक्षेला फारसा येत नाही." पानं उलटण्याचा आवाज झाला. चिमणीनं पान उलटलं नाही. ती उभी राहिली.

"बाई, मी घरी वाचलाय. एक विचारू?"

बाईंनी खडू उचलला, पण चिमणी थांबली नाही.

"सगळ्यांना माहीत होतं. मग कोणी साधं विचारलंसुद्धा का नाही?"

मागच्या बाकावरच्या घडी घातलेल्या हातांकडे बाईंची नजर गेली. भाषेबद्दल काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती, तिला ते जमलंही असतं.

"भीती वाटत होती त्यांना," ती म्हणाली. "वाईट माणसं नव्हती ती. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणीतरी विचारील." ती टेबलाला धरून उभी राहिली. मग अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "चिमणे, तुझे बाबा कसे आहेत?"

चिमणीचा चेहरा आधी कोरा झाला, मग ओठ थरथरायला लागले. "माहीत नाही, बाई. आईला भेटू देत नाहीत."

"जेवतेस ना नीट?"

"हो."

"बस." बाईंनी पुस्तक उघडलं आणि दरबाराचा प्रवेश पहिल्यापासून वाचायला घेतला. आवाज कापत होता. तो गृहस्थ तास संपेपर्यंत बसला आणि काही न बोलता निघून गेला.

त्या संध्याकाळी जिन्यात पाऊल वाजलं की ती दाराकडे बघायची. कोणी आलं नाही. आठवड्याभरात मुख्याध्यापकांनी बोलावलं आणि नजर चुकवत सांगितलं की अकरावी दुसरे सर घेतील, तुम्ही पाचवीला व्याकरण शिकवा. नाटक तिच्या हातून गेलं ते कायमचं. पण चिमणीची मैत्रीण परत पहिल्या बाकावर आली होती. आणि मधल्या सुट्टीत गणिताच्या बाई चिमणीला हाक मारून घरची चौकशी करताना तिनं स्वतः पाहिलं.

भीती काही गेली नाही. पुढे कित्येक महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी भर दुपारी घंटी वाजली, तेव्हा ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी राहिली. नवऱ्यानं दार उघडलं. बाहेर इतिहासाचे सर होते, निम्मे झालेले, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून.

"तुम्ही माझी चौकशी केलीत म्हणे," सर म्हणाले.

तिनं खुर्ची पुढे ओढली. "बसा, सर," ती म्हणाली.