दुसऱ्यांदा दाबलेलं बटण

प्रकाशवाले काका नाट्यगृहात पडद्याच्या दोरीइतकेच जुने. त्यांची बायको त्याच रंगमंचावरची नटी. एके काळी नायिका, आता नायकाची आई. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. शेवटच्या अंकात ती जिना उतरायची ती नवऱ्याच्या भरवशावर. तिचं पाऊल पडायच्या आत खालची पायरी उजळायची.

हे सगळे दिवे काकांनी एका जुन्या प्रोग्राममध्ये बसवलेले. तो चालवणाऱ्या संगणकाने एक दिवस राम म्हटला. नव्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, अगदी गाभ्यापासून.

"नवं सॉफ्टवेअर घेऊ या, काका," मॅनेजर म्हणाला. "मढं किती दिवस सांभाळणार?"

"आणि पायऱ्या नव्याने जुळवायला हिला कितीदा चढवू-उतरवू?"

काकांनी मधे एक दुभाषी प्रोग्राम बसवला. जुना प्रोग्राम आपल्या बोलीत दिवा मागे, दुभाषी ते मागणं नव्या गाभ्याला त्याच्या भाषेत सांगे. जुन्याला वाटे, आपण आपल्याच घरी आहोत. दुपारी काकांनी पुढच्या दिव्याचं बटण एकेकदा, बघून बघून दाबलं. दर दाबाला एक, असा रिकामा जिना पायरी-पायरीने उजळला. काकांचा जीव भांड्यात पडला.

पण प्रयोगात बोटं डोक्याला विचारत नाहीत. बाकी नाटकात दिवे निवांत बदलत; जिन्यावर मात्र घाई. तिथे जुना संगणक पहिल्या दाबाला दाद देत नसे, म्हणून बोटाला दोनदा दाबायची सवय. नव्या संगणकाने दोन्ही दाब ऐकले. उजेड एक पायरी सोडून खाली पळाला आणि ती अंधारात उभी राहिली.

प्रेक्षागृहामागच्या दिव्यांच्या खोलीत काकांनी काचेला नाक लावलं. ती पडली तर?

तिने कठडा चाचपला, होती तिथेच बसली. "दम लागला रे बाळा, इथूनच बोलते." प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

रंगपटात ती गुडघा चोळत होती. "अहो, मशीन बिघडलं का?"

"मशीन धडधाकट आहे. एका दाबात ऐकतं." काकांनी आपलं बोट तिच्या हातात दिलं. "हेच ऐकत नाही."

"मग याच्यासाठीही बसवा एखादा दुभाषी." ती हसली, पण बोट घट्ट धरून.

उद्या पुन्हा प्रयोग होता. ती चेहऱ्याचा रंग पुसू लागली, तसे काका टेबलावर सराव करू लागले. टक. टक. मग नकळत, टकटक.

तिला ते बोट दिसत नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं.