ओदीलचे करकोचे

ओदील हाइट्झलरचं लक्ष जमिनीवर फारसं कधी नसायचंच. द्राक्षाच्या वेली बांधता बांधता तिची मान वर जायची, हातातली सुतळी हातातच राहायची, आणि बाकीच्या बाया ओळीच्या पार टोकाला पोचलेल्या असायच्या. तिचा नवरा लूसियां चारचौघांत सांगायचा, "लग्नात पाद्रीबाबांनी विचारलं तेव्हासुद्धा ही खिडकीबाहेर बघत होती. 'हो' नक्की कुणाला म्हणाली, मला अजून कळलेलं नाही!"

तिच्या लहानपणी आकाशात बघण्यासारखं होतंही. आमच्या अल्सासात, फ्रान्सच्या या पूर्व टोकाला, उंच छपरांवर गाडीचं जुनं चाक आडवं टाकून ठेवतात, करकोच्यांनी घरटं बांधावं म्हणून. ऑगस्ट सरता सरता ते आफ्रिकेला जात आणि थंडी ओसरली की परत येत. मग येणारे हळूहळू कमी झाले. कुणी विजेच्या तारांना चिकटले, कुणाला वाटेत गोळी लागली, कुणी तिकडच्या दुष्काळात उपाशी मेले. एका वसंतात बेकरीच्या छपरावर एकटा नर उतरला. करकोच्याला आवाज नसतो; मान पाठीवर टाकून चोचीवर चोच आपटायची, एवढंच त्याचं बोलणं. द्राक्षांना फुलोरा येईपर्यंत तो जोडीदारणीला बोलावत राहिला. कुणी आलं नाही. पुढच्या वर्षी तोही आला नाही, आणि गाव इतकं गप्प झालं की ओदीलला झोप लागेना.

त्या गप्पपणातूनच करकोच्यांचं उद्यान निघालं. बेकरीवाला फेर्नां त्याचा अध्यक्ष. नदीकाठच्या कुरणावर उंच जाळी उभारली, वरूनही झाकली, लांबून पिल्लं आणून आत सोडली आणि ओदीलला त्यांची राखण दिली. युक्ती साधी होती. पिल्लू तीन हिवाळे आत ठेवायचं. तेवढ्यात त्याच्या अंगातली जाण्याची ओढ मरते. मग जाळी उघडली तरी ते कुठे जात नाही, गावातच घरटं करतं, आणि बर्फाच्या दिवसांत आपण त्याला खाऊ घालायचं. जाळी उघडायच्या दिवशी बँड वाजायचा, आलुबुखाराचे टार्ट कापले जायचे. रविवारी गावोगावची माणसं बघायला यायची, पोरं जाळीला नाक लावून उभी राहायची. छपरांवर पुन्हा चोची वाजू लागल्या, याचा आम्हाला केवढा अभिमान!

"आपलेच झाले आता," फेर्नां डोळे पुसत म्हणायचा.

ओदीलने मात्र त्या पाखरांचे तिन्ही ऑगस्ट जवळून बघितले होते. पहिल्या ऑगस्टात ती दक्षिणेकडच्या जाळीवर धडकायची, छाती रक्ताळेपर्यंत. दुसऱ्यात नुसत्या येरझाऱ्या. तिसऱ्यात ती एका पायावर गुपचूप उभी राहायची. ते गुपचूप उभं राहणं तिच्या स्वप्नात यायचं. स्वप्नात ती स्वतःच पांढरी व्हायची, खालून पिवळी वाळू सरकत जायची, कधी न पाहिलेली एक नदी चमकायची. आणि मग पंख कसे हलवायचे तेच आठवेनासं व्हायचं.

"कोल्मारच्या पुढे कधी गेली नाहीस, आणि रोज आफ्रिकेला जाऊन येतेस," लूसियां म्हणायचा. "येताना निदान केळी तरी आण."

त्यांच्या स्वतःच्या छपरावर जोसेफीन राहायची. उद्यानात तीन हिवाळे काढलेली ही मादी; तिचा ठसका बघून लूसियांने तिला आपल्या मावशीचं नाव दिलं होतं. त्या वर्षी तिला तीन पिल्लं झाली. जूनच्या अखेरीस फेर्नां पिठाच्या हातांनीच दारात उभा राहिला.

"उद्या आगीच्या बंबाची शिडी आणतोय. तूच चढ, जोसेफीन तुला ओळखते. पिल्लं उडायच्या आत जाळीत गेली पाहिजेत."

"ही पिल्लं राहू दे ना रे बाहेर."

"बाहेर राहिली तर ऑगस्टात जाणार. आई बसेल इथे, पण पिल्लांच्या अंगात ओढ जन्मतःच असते. आणि गेली की दहातलं एखादं परत येतं. तूच सांग, मरू द्यायचं त्यांना?"

फेर्नां खोटं बोलत नव्हता, हीच तर अडचण होती.

दुसऱ्या दिवशी ती पोतं घेऊन शिडी चढली. खाली अर्धं गाव जमलेलं. वर वारा होता, आणि सगळं झोपेतल्यासारखं मऊ दिसत होतं: मळे, नदी, पलीकडचे निळसर डोंगर. तिची चाहूल लागताच तिन्ही पिल्लं पंख पसरून मेल्यासारखी आडवी झाली. माणूस आला की मेल्याचं सोंग करायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. जोसेफीन शेजारीच उभी होती. रानातल्या मादीने ओदीलचा डोळा फोडला असता. जोसेफीनने खाऊसाठी चोच उघडून मान पुढे केली.

ओदीलला भडभडून आलं. जिने अंगावर धावून यायचं ती भीक मागत होती, आणि तिला तसं आपणच केलं होतं, रोज थोडं थोडं, मायेने. रिकामं पोतं खांद्यावर टाकून ती खाली उतरली.

पिल्लं मोठी झालीत, हात लावला तर खाली उड्या टाकतील, असं सांगता आलं असतं. कुणी वाद घातला नसता. ओदीलने तसं सांगितलं नाही.

"मी नाही आणणार त्यांना," ती म्हणाली.

"वाटेत मेली तर?"

"तर मरतील, फेर्नां. पण वाटेत मरतील."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का? यासाठी राबलो आपण इतकी वर्षं?"

"तिचं डोकं ठिकाणावर होतं कधी?" लूसियां म्हणाला आणि शिडीच्या खालच्या पायरीवर ऐसपैस बसला. बंबवाल्यांनी दोनदा उठायला सांगितलं तरी तो उठला नाही. त्या दिवसापासून ओदीलला बेकरीत पाव मिळायचा, शब्द मिळायचा नाही.

ऑगस्टातल्या एका दुपारी, तापलेली हवा मळ्यांवरून वर चढू लागली तेव्हा, तिन्ही पिल्लं छपरावरून उठली. पंख न हलवता गोल गोल वर गेली. रस्त्यात माणसं जमली, फेर्नांही दुकानाच्या दारात आला. पिल्लांचे ठिपके झाले, मग तेही दिसेनात. ती पुन्हा दिसतील की नाही कोण जाणे, तरी ओदीलला इतका आनंद झाला की तिने लूसियांचा दंड घट्ट धरला.

मग जोसेफीनने पंख उघडले.

"जा!" ओदील ओरडली. "जा गं बाई, जा!"

जोसेफीन उठली. एक फेरी घेतली, दुसरी त्याहून वर, चर्चच्या मनोऱ्याच्याही वर. ओदील तिच्याखालून धावत सुटली, त्या वयात, दुखऱ्या गुडघ्यांनी. क्षणभर वाटलं, गेलीच. मग ती वळली आणि नदीच्या बाजूला उतरत झाडांमागे गेली.

ओदील धापा टाकत कुरणावर पोचली. जोसेफीन उद्यानाच्या दाराशी उभी होती. बाहेरच्या बाजूला, जाळीला चोच लावून, आत घ्या म्हणून.

ओदीलने दार उघडलं नाही. ती तिच्याशेजारी गवतात बसली आणि रडत म्हणाली, "माफ कर गं, पोरी." जोसेफीनने चोचीने कडी हलवून पाहिली.