बिरूच्या वाट्याची राखण

आमच्या राणीसावरगावात कुणाला बी इचारा, बिरूचं घर कुठं हाय. आधी म्हणतेल, "कोणचा बिरू? गोळीवाला का?" जळो मेल्यांची जीभ! आई-बापानं चांगलं देवाचं नाव ठेवलं, अन् ह्यांनी माझ्या भावाला नेऊन गोळीला बांधलं. म्या मनकर्णा, त्याची थोरली बहीण. मला गावातच दिली व्हती, म्हणून माझं घर अन् त्याचं घर एकाच गल्लीत. मालक वारले, पोटाला लेकरू न्हाई. माझं म्हणायला हा एकच. त्याचं समदं म्या माझ्या डोळ्यानं बगितलंय, गावाला काय ठावं?

आमी धनगर. दिवाळी झाली की गावातली तीन-चार घरं आपापली मेंढरं एकत्र करून भाईर पडतेत. गंगाखेडाला गोदावरी वलांडायची अन् परभणी, झरीच्या अंगाला जायचं. शेतकरी आपल्या शेतात रातची मेंढरं बसवून घेतो, लेंडीचं खत पडतं, बदल्यात ज्वारी देतो. रातची राखण मातर पाळीनं. लांडगा हाय, चोर हाय. ज्याची मेंढरं कळपात, त्या घरानं आपल्या पाळीला जागायचं. गडी आजारी पडला तर त्या घरातल्या दुसऱ्या गड्यानं जागायचं. ज्याच्यानं पाळी व्हत न्हाई, त्याची मेंढरं कळपात ऱ्हात न्हाईत. आज्या-पणज्यापसून आसंच चालत आलंय.

बिरू आधी लय हसरा. त्यानं शीळ घातली की मेंढरं माना वर करायची. विद्यापीठाच्या नामांतराची पयली दंगल झाली, त्याच्यामागं चार-पाच वरसांनी त्याला ते सुरू झालं. कशानं झालं म्हणाल, तर कशानंच न्हाई. पीकपाणी बरं व्हतं, घरात भांडण न्हाई. एक दिस भितीकडं तोंड करून बसला, ते उठंचना. भाकर पुढं ठेवली तर तशीच वाळून जायाची. भांडं पडलं तरी दचकायचा. मला म्हणायचा, "आक्का, छातीत कायतरी पळायलंय. थांबतच न्हाई बग."

देव झाले, उतारे झाले, लिंबं झाली. सांगल तिथं हिंडलो. शेवटी त्याची बायको भिवरा, बोलायला लय कमी पण मनात धरलं की धरलं, तिनं त्याला एसटीत घातलं अन् परभणीला डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं. संगं म्या बी. डॉक्टर शांत माणूस. म्हणला, "हा आजार लांबचा आहे, वर्षानुवर्षं राहतो. गोळी रोज द्या. आणि मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही." आमी मुंड्या हलवल्या.

महिना गेला आसंल नसंल, भिवरा पळत माझ्या दारात आली. मला वाटलं काय इपरीत झालं! तर म्हणती, "वन्सं, त्यांनी आपल्या तोंडानं दुसरी भाकर मागितली." आमी दोघी उंबऱ्यात बसून याड्यावाणी हसलो.

पण त्या गोळीला झोप लय. सांजच्याला भाकर खाऊन गोळी घेतली की गडी जो पडायचा, ते उजाडल्याबिगर हाका मारून बी उठायचा न्हाई. त्या साली तळावर बिरूच्याच पाळीला लांडगं आलं, चुलतभाऊ अंगदच्या मेंढ्या फाडून गेलं, अन् ह्याला पत्ताच न्हाई. अंगद आमच्या तळावरचा मोठा माणूस. वाईट न्हाई, पण तोंडाचा लय फटकळ. फुडल्या दिवाळीला अंगणात येऊन म्हणला, "बिरू, औंदा तू घरी ऱ्हा. तुझी मेंढरं आमी चारून आणतो. गोळी खाणाऱ्याच्या भरवशावर आमी झोपावं कसं?"

मेंढरं गेली, बिरू मागं राहिला. काय सांगू तुमाला त्या दिसांचं! भिवरा दिसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला. हा रिकाम्या वाडग्यात जाऊन बसायचा, जिथं मेंढरं कोंडायची तिथं, लेंड्या चिवडत. पारावर गेला तर लोकं बोलता बोलता गप व्हायची, न्हाईतर मुद्दाम मोठ्यानं, "काय बिरू, झोप झाली का?" म्हणायची. मग पारावर जाणं बी सोडलं. मला म्हणला, "आक्का, रानात महिना महिना माणूस दिसत न्हवतं, पण येकटं वाटलं न्हाई कवा. आता गावात बसलोय अन् माझ्यासंगं बोलायला कोणीच न्हाई." म्या म्हणलं, "म्या हाय की रं." तो उठून परत वाडग्यात जाऊन बसला.

मंग त्यानं गोळ्या सोडल्या. कुणाला इचारलं न्हाई, सांगितलं न्हाई. एक दिस घोंगडं खांद्यावर टाकलं अन् पायी तळाकडं निघून गेला. आमाला वाटलं, बरा झाला. अंगद बी खूश. पयल्या पाळीला बिरू टक्क जागा. मेंढरात उभं ऱ्हाऊन सकाळी सगळ्यांना सांगितलं म्हणं, "बगा, एक कोकरू गेलं न्हाई."

ते सुख आठवडाभराचं. मंग अंगाला घाम सुटायला लागला, थंडीत बी. खाल्लेलं उलटून पडायचं. डोक्यात झटके बसायचे, बॅटरीचं बटण कुणी चालू-बंद करावं तसे. झोप लागली की वंगाळ सपनं. बसल्या जागी रडायचा, अन् ती छातीतली पळापळ आधीपेक्षा दुप्पट. कुणाला सांगायचं? सांगितलं तर परत घरी धाडतेल. दातावर दात धरून बसला बिचारा. एक दिस भर दुपारी चरती मेंढरं तशीच सोडून चालायला लागला. धनगरानं कळप सोडून जावं! आमच्यात आसं कोणी करत न्हाई. अंगदनं हुडकलं तवा एका पडक्या हिरीच्या काठाला, आत पाय सोडून बसला व्हता.

त्या फटकळ माणसानं त्याला मागून मिठी मारून वढला, अन् आपली मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून एसटीनं घरी घेऊन आला. सारा रस्ता त्याचा हात सोडला न्हाई. माझ्या अंगणात बसून अंगद हमसून हमसून रडला. म्या त्याला कवा रडताना बगितलं न्हवतं.

म्या बिरूला इचारलं, "कामून सोडल्या रं गोळ्या?" तर काय म्हणावं ह्यानं! "आक्का, मेंढरू चरायला लागलं की आपण दवा बंद करतो का न्हाई? म्या बी दोन-दोन भाकरी खायालो व्हतो." बगा आता! आमच्यात जित्राबाचं आसंच आसतं. तोंड लावलं चाऱ्याला की बरं झालं, दवा बंद. त्यानं सोताला बी तेच लावलं. माझं टाळकंच फिरलं. "आरं मुडद्या, तू मेंढरू हाईस का? आन् कोकरू दुधावरून तोडायचं म्हणलं तर एका दिसात तोडतो का आपण? आईपसून आधी थोडं थोडं लांब ठेवतो ना? तेवढी बी आक्कल चालली न्हाई तुझी?" बोलले खरं, पण बोलता बोलता म्याच रडायला लागले. तो आपला माझ्या पदरानं माझेच डोळे पुसायलाय.

डॉक्टरनं गोळी परत सुरू केली. म्हणला, कमी करायचीच आसंल तर जरा-जरा करत करू, सबुरीनं. भिवरा अडकित्त्यानं गोळीचे तुकडे करायची. जरासा तुकडा कमी केला की चार-आठ दिस घरात वणवा. घाम, चिडचिड, रडणं. मंग हळूहळू निवायचं. मंग आणखी जरासा तुकडा. दीड-दोन वरसं हेच. आर्ध्या गोळीवर आला तवा भिवरानं गूळ वाटला, नुसता माझ्यापुरता, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार? पण आर्ध्याच्या खाली काय जमंना. दोनदा करून बगितलं, दोन्ही बारीला तोंड परत भितीकडं. डॉक्टर म्हणला, "राहू द्या अर्धी. काही लोकांना लागते. त्यात हरल्यासारखं काही नाही."

डॉक्टरचं बोलणं बरोबर, पण आर्धीला बी झोप येतच व्हती. म्हंजी पाळी बंद ती बंदच. पुन्यांदा दिवाळी आली. अंगद आला, ह्या बारीला आवाज हळू. "बिरू, म्या तुझा वैरी न्हाई. पण असं किती वरसं तुझं आमी वढायचं? बाकीचे कुरकुर करायलेत. मेंढरं इकून टाक. गंगाखेडच्या बाजारात म्या सोता उभं ऱ्हाऊन इकून देतो."

बिरू म्हणला, "इका."

एवढंच बोलला अन् आत गेला. सांजच्याला भिवरानं ताट वाढलं, त्यानं हात लावला न्हाई. म्या अन् भिवरानं एकमेकीकडं बगितलं. भाकर पुढं वाळायला लागली की फुडं काय व्हतं, ते आमा दोघींबिगर कुणाला ठावं? मेंढरं गेली तर हा माणूस बी जाणार, ह्यात मला तिळमात्र शंका न्हवती.

सकाळी भिवरा अंगदच्या दारात जाऊन उभी राहिली. डोईवरचा पदर सारखा करून म्हणली, "भावजी, मेंढरं इकायची न्हाईत. आमच्या घरची पाळी म्या जागते."

तिथं बसलेले गडी फिदीफिदी हसले. एक म्हणला, "आता बाया राखण करतेल अन् आमी बांगड्या भरतो." दुसरा म्हणला, कायदा गड्याचा हाय. भिवरा म्हणली, "कायदा घराचा हाय. माझं घर न्हाई का ते? अन् लांडगं काय काठी कुणाच्या हातात हाय ते बगून येतं व्हय?" मंग म्या बी सुटले. एकेकाचं उणंदुणं आसं काढलं, की अंगदच हात जोडून म्हणला, "बास आक्का, बास. येऊ द्या तिला."

गेली दोघं. म्या येकटी राहिले गावात.

फुडं नामांतर झालं, त्या संक्रांतीला म्या त्यांच्याकडं निघाले. दंगलीच्या भ्यानं एसटीचा भरवसा न्हवता, म्हणून गंगाखेडातून रेल्वेनं परभणी, अन् तिथून एका बाप्याच्या बैलगाडीत झरीकडं. दिस मावळायला तळ गावला. बाकीच्यांच्या चुली एका जागी, अन् बिरूची चूल लांब, बांधाच्या पल्याड. इचारलं तर म्हणला, "त्यांच्यात बसलो की भिवरावरून टिंगल करतेत. म्हणून हितंच बरं." मेंढरं चरून आली व्हती. तो जरा भरला व्हता अंगानं, पण शीळ काय घातली न्हाई त्यानं.

बिरूचं जेवण झालं व्हतं, भिवरा आमा दोघींपुरत्या भाकरी थापायली. बिरू माझ्याजवळ सरकून हळूच म्हणला, "आक्का, आज आमची पाळी हाय. माझ्या वाट्याच्या थंडीत ही बाई कुडकुडत बसती, अन् म्या घोंगड्यात घोरतो. लाज वाटती मला. ती आर्धी बी म्या सोडणार हाय."

ती हीर माझ्या डोळ्याफुडं उभी राहिली. म्या त्याचा हात घट्ट धरला. पण भिवराला ऐकू गेलं व्हतं. तव्यावरची भाकर तशीच सोडून, पिठाच्या हातानं ती त्याच्याफुडं येऊन बसली.

"आवं," ती म्हणली, "मला तुमी जागं नगं. जिते पायजेत."

तिनं कनवटीची पुडी सोडून आर्धी गोळी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं गिळली, वर पाणी प्याला. मंग तिनं काठी घेतली अन् मेंढराकडं गेली, तो घोंगडं घेऊन झोपायला गेला. म्या चुलीपाशी येकटीच राहिले. तव्यावरची भाकर करपायला लागली तरी मला उठून ती काढणं झालं न्हाई.