फुगलेलं सील

नखाने जरा उचललं, तर सील अख्खं सुटून आलं. दुधात भिजलेल्या पावाच्या कडेसारखं फुगलेलं, मऊ. माझे मेकॅनिक इस्माईलभाई यांनी ते बोटावर धरून नीट पाहिलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

मास्तरांची जुनी गाडी इथेनॉलवर चालेल अशी माझ्याच गॅरेजात आम्ही करून दिली होती. तेव्हा इंधनपंपाच्या सांध्याला सील करण्यासाठी इस्माईलभाईंनी वेगळ्या सीलंटची ट्यूब आणली होती. "मालक, नेहमीचं सिलिकॉन इथेनॉलमध्ये टिकायचं नाही." मी हसलो होतो. "वीस वर्षं हेच लावतोय. लावा."

आज त्याच सांध्यातून इंधन झिरपलं, तापलेल्या इंजिनाशेजारी. मागच्या सीटवर मास्तरांची नात होती. नशिबाने पेट घेतला नाही.

सील दोन धातूंच्या मध्ये दबून बसतं. ते सुटेपर्यंत कुणाला त्याची आठवण होत नाही. माझ्या नावाचं हे गॅरेजही असंच कुणीतरी दबून धरून ठेवलेलं आहे, हे मला त्या बोटाकडे बघताना कळलं.

"हे लावलं कुणी?" मास्तरांनी विचारलं.

"मी. चुकलं माझं," इस्माईलभाई म्हणाले.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी पाना पुसत राहिलो. तो स्वच्छच होता.

मास्तर निवळले. "अहो, एवढे जाणकार मालक शेजारी असतात. त्यांना विचारत चला."

"हो," म्हणून इस्माईलभाईंनी फळीवरची ती न उघडलेली ट्यूब काढली आणि माझ्यापुढे धरली. "मालक, ही लावू?"