विस्तवाचं मडकं

दुर्गाबाई कुंभारीण मंठ्याकडची. जिभेनं फटकळ, पण तिची घागर टिचकी मारली की टणकन् वाजायची. आमच्या गावात कुणी मेलं की पहिला माणूस तिच्याच दारी पळायचा. तिरडीपुढं विस्तव न्यायला कोरं मडकं लागतं, ते ती फुकट द्यायची.

निजामाची माणसं गावात उतरली की कुंभारानं घागरी वेठीला द्यायच्या, ही रीत. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात तिचा नवरा बद्रीनाथ तिरंगा घेऊन बाजारात उभा राहिला आणि जालन्याच्या तुरुंगात गेला. त्या दिवसापासून तिनं वेठ बंद केली.

"वीस घागरी काढ, जल्दी!" जमादार दारात येऊन ओरडला.

"माणूस नेला, आता घागरीबी? न्हाई द्यायची."

भट्टी नुकतीच उघडली होती. शिपायांनी लाठ्यांनी सगळा माल फोडला, चाकसुद्धा फोडलं. एक मडकं धड उरलं, ते जमादारानं चावडीत नेलं. दुर्गाबाई ओसरीत मांडी घालून बसली होती. तिनं हात उचलला नाही, शिवी दिली नाही. आणि आमचं गाव? दारं लावून बसलं मेलं!

आठव्या दिवशी बद्रीनाथ आला, बैलगाडीत, चटईत गुंडाळलेला. तापानं गेला, असं गाडीबरोबरचे शिपाई म्हणाले. दुर्गाबाईनं त्याला कुशीवर वळवलं. पाठीला कातडं नव्हतं.

तिरडी बांधली, पण कुंभाराच्या घरात मडकं नाही! धाकटा दीर रामकिसन चावडीवर गेला आणि रडत परतला.

"वैनी, जमादार म्हणतो, हात जोडून माफी मागितली तर मडकं देतो. एकदा जोडा. दादाची गती अडून राह्यली."

"तुझ्या दादानं हात जोडले असते तर आज जेवत बसला असता. अन् मी जोडू?"

तिनं उकिरड्यावरून खापराचा तुकडा उचलला, त्यात चुलीतला विस्तव घातला, खाली पदराची घडी धरली आणि चावडीवरून तिरडीपुढं चालू लागली. पदर जळाला. मंग तळहात जळाले. नदीपर्यंत तिनं खापर खाली ठेवलं नाही.

भादव्यात निजामाचं राज्य गेलं. जो तो छाती काढून सांगायला लागला, आम्हीबी लढलो! त्याच आठवड्यात पाटलाचा बाप मेला. लोक सवयीनं दुर्गाबाईच्या दारी आले, मडकं मागितलं.

तिनं जळून आखडलेले दोन्ही तळहात पुढं केले.

"घ्या," म्हणाली.