आबांचा डिपर

उतरायला आलेल्या विमानाच्या तोंडावर मी जीपचे अप्पर लाइट मारले. त्याच विमानातून आबांना न्यायचं होतं.

आबा म्हणजे जाफराबाद-भोकरदन रस्त्यावरच्या काळी-पिवळी जीपचे मालक. मी त्यांचा बदली ड्रायव्हर. समोरून कुणीही येवो, आबा आधी डिपर मारणार, दिव्यांचा झोत खाली घेणार. ट्रकला, तसा बैलगाडीलाही. "आबा, बैलाला काय कळतंय?" म्हटलं की म्हणत, "डोळे हायेत ना त्याला? समोरच्यालाबी घरी जायचंय." मी मात्र पक्का अप्परवाला, झोत कायम समोरच्याच्या तोंडावर. उजेड जास्त तेवढा ड्रायव्हर भारी, ही माझी समजूत.

एका दुपारी आबांना छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, आजच हैदराबादला न्या. पुतण्यानं कुठून कुठून फोन करून विमान मागवलं. ॲम्ब्युलन्सनं आबांना जवळच्या धावपट्टीवर आणलं, पण तिथं दिवे नव्हते. अंधार पडायच्या आत उतरलं तर उतरलं, नाहीतर विमान माघारी जाणार. आणि दिवस तर कलला होता.

आमच्या गावात कबड्डीच्या सामन्यात लाइट गेली की मैदानाकडं तोंड करून जिपा लावतात. तीच अक्कल मी इथं चालवली. पट्टीच्या टोकाला दोन जिपा उभ्या केल्या आणि समोरून येणाऱ्या विमानावर झगझगीत उजेड सोडला. वर हातही हलवला.

चाकं जमिनीला टेकणार, तोच विमान घरघरत पुन्हा वर गेलं.

"अय, बंद कर!" पट्टीचा रखवालदार ओरडत पळत आला. "पायलटला पट्टी दिसंना!"

लाइट बंद केले. विमान ठिपक्याएवढं झालं. "गेलं का वो?" आबांच्या मंडळींनी विचारलं.

ॲम्ब्युलन्समध्ये आबांनी तोंडावरचा मास्क सरकवला. "काय झालं रे?"

"आबा, मी उजेड दाखवून राह्यलो होतो."

"अप्पर?"

"हां."

आबांनी डोळे मिटले. देवळात कधी न जाणारा मी, मावळत्या सूर्याला हात जोडून 'जरा थांब' म्हणत होतो. एकानं बिडीसाठी काडी ओढली, तर त्याच्या हातावर फटका मारला.

विमान फिरून आलं. या खेपेला उतरलं.

आबा हैदराबादहून परत आले नाहीत. त्या दिवशी स्ट्रेचर वर चढवताना मी घाईघाईनं विचारलं होतं, "आबा, तुम्ही येईस्तोवर जीप मी चालवू?"

"दिवसाच चालव," आबा म्हणाले. "रातीला तुह्या हातात कंदीलबी देऊ न्हाई."